मदत हवी आहे : २०१६च्या टँकर-खेपांच्या गावनिहाय नोंदी
नमस्कार. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी लातूर जिल्ह्यातील दोन गावांच्या पाणीटंचाईचा अभ्यास मानवी सुरक्षेच्या, म्हणजे देशाच्या सीमांऐवजी माणसाच्या रोजच्या जगण्याच्या सुरक्षिततेच्या, अंगाने करते आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले ते लातूर शहरासाठी. या गावांत मात्र टँकर विहिरीत रिकामा होई आणि पोहऱ्यांचे दोर एकमेकांत गुंतत, असे बायका सांगतात. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या १९९४च्या अहवालाने मांडलेल्या मानवी सुरक्षेच्या सात अंगांपैकी आरोग्य आणि पर्यावरण यांच्याशी हे ताडून पाहायचे, तर गावनिहाय खेपा हव्यात. तालुक्याचे पर्जन्यमान आणि मुलाखती हाती आहेत. ग्रामपंचायतीत नोंदवही सापडली नाही. प्रबंध मार्चअखेर द्यायचा असल्याने अर्ज फिरत राहणे परवडणारे नाही. तेव्हा माहितीच्या अधिकारातील अर्ज तहसील कार्यालयात करावा की पंचायत समितीत, आणि खेपांची नोंद नेमक्या कोणत्या नावाने मागावी?