विषय: अंबाजोगाईच्या घरातील संगणकाचा आपोआप होणारा बॅकअप

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझे वडील अंबाजोगाईला असतात. आजोबांच्या पेटीतील निजामकाळातले मोडी आणि उर्दू कागद, 1954-55 च्या खासरा पत्रकाच्या (जमिनीच्या जुन्या नोंदींच्या) नकला व फेरफाराच्या जुन्या नोंदी त्यांनी स्वतः स्कॅन करून डी ड्राइव्हमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. संगणक विंडोज 11 चा आहे, बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली आहे आणि फाइल हिस्ट्री, म्हणजे फाइलींच्या प्रती आपोआप काढणारी विंडोजची सोय, ‘सुरू’ दिसते. वडील सकाळी तासभर काम करून संगणक बंद करतात, आणि त्यातही वीज मध्येच जाते. अशा स्थितीत या बॅकअपवर विसंबावे, की सगळे वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठवणीत) टाकावे? आपल्यापैकी जाणकारांनी कृपया सांगावे.

---

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील डी ड्राइव्हचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फाइल हिस्ट्री संपूर्ण संगणकाची प्रत करीत नाही. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या लायब्ररी, डेस्कटॉप आणि अशा मोजक्या जागाच ती सांभाळते. त्यामुळे ‘सुरू’ हा शब्द खरा असूनही खासरा पत्रकाची एकही नक्कल हार्ड डिस्कवर गेलेली नसण्याची शक्यता आहे. त्या फोल्डरवर उजवी क्लिक करून, ‘शो मोअर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘इन्क्लूड इन लायब्ररी’ निवडावे, म्हणजे तो फोल्डर बॅकअपमध्ये येईल.

दोन प्रती घेण्यामधला मुळात ठरलेला अंतराल एका तासाचा असतो. वडील तासभरच बसत असतील तर त्या दिवसाचे काम प्रत होण्याआधीच संगणक बंद होऊ शकतो. म्हणून कंट्रोल पॅनेलमधील फाइल हिस्ट्रीच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये तो 15 किंवा 20 मिनिटांवर आणावा. तेथेच जुन्या प्रती किती काळ ठेवायच्या हेही ठरवता येते. मूळ सेटिंग ‘कायम’ असे असते, आणि ते ऐकायला चांगले वाटले तरी डिस्क भरली की नव्या प्रती होणे थांबते. त्याऐवजी ‘जागा लागेपर्यंत’ हा पर्याय मला अधिक योग्य वाटतो. संगणकाला यूपीएस नसेल तर तो अवश्य घ्यावा, कारण लिहिणे चालू असताना वीज गेल्यास फाइल बिघडू शकते.

वनड्राइव्ह हवे तर जोडीला असू द्यावे, मात्र बॅकअपची जागा त्याला देऊ नये. येथे फाइल पुसली की ती तेथूनही जाते, व वैयक्तिक खात्याच्या रिसायकल बिनमध्ये ती 30 दिवसच राहते. मोफत मिळणारी 5 जीबी जागा स्कॅन केलेल्या कागदांना लवकरच अपुरी पडेल.

शिवाय कायम जोडलेली डिस्क विषाणूच्या हल्ल्यात संगणकासोबतच हातची जाऊ शकते. म्हणून एक दुसरी डिस्क घेऊन तिच्यावर फोल्डरची हाताने प्रत करावी आणि ती दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवावी. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आपल्या भागाने पाहिला आहे, त्यामुळे एकाच छताखालच्या दोन प्रतींवर मी तरी समाधान मानणार नाही.

---

काका, सप्रेम नमस्कार.

क्विक असिस्टने (दुसऱ्याचा संगणक दुरून पाहण्याच्या विंडोजच्या सोयीने) वडिलांच्या संगणकात पाहिले. हार्ड डिस्कवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सच्या प्रती होत्या, डी ड्राइव्हवरील फोल्डर नव्हता. आता तो लायब्ररीत घेतला असून अंतराल 15 मिनिटांचा केला आहे. दुसरी डिस्क लातूरला मावशींकडे ठेवू. प्रत खरोखर उघडते का, हे कसे पाहावे?

---

ताई, एखाद्या कागदाची फाइल निवडून तिच्यावर उजवी क्लिक करावी, ‘शो मोअर ऑप्शन्स’मधून ‘रिस्टोअर प्रीव्हियस व्हर्जन्स’ उघडावे आणि जुनी प्रत मूळ फाइलवर न घेता वेगळ्या फोल्डरमध्ये काढावी. मोडीतले अक्षर स्पष्ट दिसेपर्यंत पान मोठे करून वडिलांनाच वाचायला सांगावे. लातूरची डिस्क मावशींकडे देण्यापूर्वी तिच्यावरील फाइलही अशाच उघडून पाहाव्यात.