25 जून 1961 : मृत्यूमुळे मोठे झालेले ध्वनिमुद्रण?

मंद्र :
अमेरिकन जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रयीने 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या जॅझ क्लबात केलेल्या ध्वनिमुद्रणाबद्दल 'जुनी तबकडी' यांनी काल लिहिले की, त्रयीतला डबल बास (खर्जाचे मोठे तंतुवाद्य) वाजवणारा स्कॉट लाफारो त्यानंतर अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला नसता, तर त्यातून निघालेल्या दोन तबकड्या आज कोणी विचारल्याही नसत्या. शिवाय गप्पा आणि ग्लासांचे आवाज इतके आहेत की ते मुद्रण सदोषच म्हटले पाहिजे. पहिले विधान मला फार लागले, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

तो रविवार होता. न्यूयॉर्कमधील त्या तळघरात दुपारी दोन आणि संध्याकाळनंतर तीन अशी पाच सत्रे झाली. ध्वनिफीत फिरत होती तेव्हा पंचविशीतल्या लाफारोचे पुढे काय होणार, हे त्या खोलीत कोणालाही ठाऊक नव्हते. जे वाजले ते शोकातून वाजलेले नाही. 'वॉल्ट्झ फॉर डेबी' ऐका : तीन मात्रांत सुरू झालेली रचना पुढे चार मात्रांत वळते, आणि त्या वळणानंतरही डबल बास प्रत्येक मात्रेवर एकेक स्वर ठेवत मुकाट्याने चालत राहत नाही. तो वर चढतो, इव्हान्सच्या वाक्याला उत्तर देतो, मध्येच थांबून जागा मोकळी सोडतो. आणि ड्रमवादक पॉल मोशन ब्रशने ताल धरण्यापेक्षा तालाभोवती रेषा काढत राहतो. ठेका कोणीच उघडपणे सांगत नाही, तरीही तिघांनाही तो ठाऊक असतो. मी हे मुद्रण वीस वर्षे ऐकतो आहे, आणि मला त्यात आजही मृत्यू ऐकू येत नाही.

जुनी तबकडी :
वादन वाईट आहे असे मी कुठेही म्हटलेले नाही; ते न म्हटलेले विधान माझ्या तोंडी घालू नये. माझा मुद्दा कीर्तीविषयी आहे. पहिली तबकडी 'संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' ही लाफारोच्या निधनानंतर निवडली गेली, तिची सुरुवात आणि शेवट त्याच्याच रचनांनी केला गेला, आणि मुखपृष्ठावर त्याचे नाव वेगळे छापले गेले. हे स्मारक नव्हे तर काय?

आता तुलना करा. पियानोवादक अहमद जमालच्या त्रयीने जानेवारी 1958 मध्ये शिकागोच्या पर्शिंग हॉटेलात केलेले मुद्रण शंभरहून अधिक आठवडे खपाच्या यादीत टिकले. तिथेही पियानो जागा सोडतो, तिथेही बास बोलतो. त्या बासवादकाचे, इस्राएल क्रॉस्बीचे, निधन 1962 मध्ये झाले. पण त्याच्यासाठी इतके हळवे लेख कोणी लिहिल्याचे मी वाचलेले नाही. तो पंचविशीत गेला असता, आणि मुद्रणानंतर अकरा दिवसांत गेला असता, तर आपण आज इथे त्याच्यावर भांडत असतो.

डग्गा :
मला दुसऱ्या मुद्द्यावर बोलायचे आहे, कारण त्यावर सगळे हसून पुढे जातात. मी अडतीस वर्षे तबला वाजवला आणि गेली सहा वर्षे दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतो. ज्यांचे कान शाबूत आहेत ते ग्लासांच्या किणकिणाटाला 'वातावरण' म्हणतात. माझ्या कानात काटा-चमचा, बाईचे हसणे आणि झांजेचा स्वर एकाच उंचीवर येऊन आदळतात, आणि बास त्यांच्याखाली पुरता बुडतो. जी उणीव आहे तिला उणीव म्हणा. कलावंत जीव ओतून वाजवत असताना समोर बसून गप्पा मारणाऱ्यांचे कौतुक का करावे? पुण्यातल्या एका मैफलीत पहिल्या रांगेतील गृहस्थ विलंबित ख्याल चालू असताना जमिनीच्या व्यवहाराविषयी बोलत होते. मी साथीला होतो. समेवर येताना मला त्यांनी सांगितलेला भाव ऐकू आला, आणि तो आजही आठवतो. त्या दिवशीची बंदिश मात्र आठवत नाही.

काळी चार :
डग्गा, तुमच्या कानांविषयी लिहिलेले वाचून वाईट वाटले, ते मनापासून सांगते. पण 'समोर बसून गप्पा मारणारे' हा शब्दप्रयोग मला बोचला. मी मुंबईतील एका हॉटेलच्या लॉबीत अकरा वर्षे पियानो वाजवला. माझ्यासमोर कोणीही शांत बसून ऐकले नाही. लोक चहा घेत, बिलावरून हुज्जत घालत, सामान मोजत. तरीही एखाद्या संध्याकाळी डावा हात नेमक्या जागी पडला, की दूरच्या टेबलावरचा आवाज क्षणभर खाली येत असे. तो क्षण टाळ्यांपेक्षा मोठा असतो. त्या रविवारच्या मुद्रणातील 'माय फूलिश हार्ट' ऐकताना मला तेच जाणवते. इतक्या संथ लयीत, इतक्या हळू, तेही बोलणाऱ्या माणसांसमोर वाजवायला किती धीर लागतो, हे ज्याने वाजवले आहे त्यालाच कळते. त्या गप्पा पुसून टाकल्या, तर तो धीरही पुसला जाईल.

डग्गा :
म्हणजे कलावंताने अपमान सहन करावा आणि आपण त्याला धीर म्हणावे? ताई, अकरा वर्षे कोणी ऐकले नाही याचे तुम्ही समर्थन करता, याचे मला दुःख होते आणि रागही येतो. अशाच समर्थनामुळे आयोजक मैफलीच्या वेळी जेवणाची ताटे फिरवतात.

काळी चार :
मी समर्थन करत नाही. मी माझे काम सांगते आहे. त्या अकरा वर्षांवर माझे घर चालले आणि मुलीचे शिक्षण झाले. मैफलीत पहिल्या रांगेत बसून बोलणारा माणूस उद्धट असतो, हे मला मान्य आहे. पण जॅझ अशाच तळघरांत, टेबलांच्या मधोमध वाढला, आणि त्या संगीताची मोजणी आपल्या बैठकीच्या शिस्तीने करणे अन्याय्य आहे. माझ्या श्रोत्यांना अपमान करणारे म्हणण्याचा अधिकार मी तुम्हाला देत नाही.

मंद्र :
दोघांनीही थोडे थांबावे, अशी विनंती आहे. त्या रविवारच्या फितीत गप्पांपलीकडेही अपघात आहेत. 'ग्लोरियाज स्टेप'चे पहिले वादन वीज गेल्यामुळे मध्येच तुटले, आणि 2005 मध्ये तीन तबकड्यांचा पूर्ण संच निघाला तेव्हा ते तसेच दिले गेले. काय पुसावे आणि काय ठेवावे हा प्रश्न निर्मात्यांसमोरही होता, आणि त्यांनी ठेवण्याच्या बाजूने निर्णय घेतला. तो मला योग्य वाटतो. तरीही डग्गा यांचे कान ज्या अनुभवातून जातात त्याचा विचार मी आजवर केला नव्हता, हे कबूल करतो.

काळी चार :
डग्गा, एक सुचवते. हेच तिघे डिसेंबर 1959 मध्ये स्टुडिओत 'पोर्ट्रेट इन जॅझ'साठी वाजले. समोर एकही श्रोता नव्हता. त्यातील 'ऑटम लीव्ह्ज' ऐकून पाहा.

डग्गा :
काल रात्री ऐकले. बास स्पष्ट लागतो. यंत्राचा आवाज एक घर कमी करूनही लागतो. पियानो आणि बास एकमेकांचे वाक्य मध्येच उचलतात तिथे मी दोनदा मागे गेलो. मी इतकी वर्षे साथ केली. पण मुख्य कलावंताने आपले वाक्य अर्धे सोडून माझ्याकडे पाहिले, असे फार तर दोन-तीनदा घडले असेल. त्या मुलाला ते रोज मिळत होते. गप्पांविषयीचे माझे मत बदललेले नाही.

जुनी तबकडी :
1959 मध्ये तो संवाद इतका पक्का असेल, तर अपघाताने वादन घडवले नाही एवढे मला मान्य करावे लागते, आणि ते मी खूष होऊन करत नाही. श्रोते मात्र अपघाताने दिले, हे विधान मी मागे घेणार नाही. क्रॉस्बीला ते श्रोते मिळाले नाहीत, आणि याचे उत्तर मंद्र यांनी अद्याप दिलेले नाही.

मंद्र :
देत नाही, कारण क्रॉस्बीच्या बाबतीत तुमचे म्हणणे खरे आहे. 'पर्शिंग'चे मुद्रण आज पुन्हा लावले आहे. त्यातील 'पॉइन्सियाना'पर्यंत आलो आहे.