शब्दचर्चा: 'कंट्रोल' म्हणजे नेमका कोणावर कंट्रोल?

पुण्याच्या एका मैत्रिणीला परवा फोनवर म्हटलं, आई कंट्रोलमधे गेलीय, तासाभरात येईल, तर ती घाबरलीच, तिला वाटलं बीपी-शुगरचं काहीतरी झालं. मग तिला समजावून सांगावं लागलं की आमच्या नागपुरात कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. नुसतं दुकानच नाही, तिथे मिळणारा मालही कंट्रोलच. "कंट्रोल आला का?" "या महिन्याचा कंट्रोल उचलला का?" लहानपणी कंट्रोलचं रॉकेल होतं, कंट्रोलची साखर होती, आणि आजीच्या तोंडी कंट्रोलचं कापडही असायचं. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की हा शब्द आला कुठून आणि आज त्याचा अर्थ काय उरलाय.

मला जेवढं माहीत आहे ते मांडतो. दुसऱ्या महायुद्धात धान्य बाजारातून गायब व्हायला लागलं, भाव चढले, 1943 मधे बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. त्याच वर्षी सरकारी अन्नधान्य धोरण समितीने सांगितलं की लाखावर वस्तीच्या शहरांत रेशनिंग लावा. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी, वस्ती लाखाच्या कितीतरी वर. भावावर कंट्रोल, साठ्यावर कंट्रोल, धान्य इकडून तिकडे नेण्यावर कंट्रोल. 1947 च्या शेवटी गांधीजींच्या आग्रहाने कंट्रोल उठला, भाव भडकले, 1948 मधे परत लागला. पुढे 1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा आला, त्यातही मुख्य गोष्ट हीच, साठेबाजी रोखायची आणि भाव आवाक्यात ठेवायचा.

म्हणजे व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर कंट्रोल करणारं सरकार हा कर्ता, आणि कर्म होतं व्यापारी, त्याचं गोदाम, त्याचा भाव. माझं म्हणणं एवढंच आहे की शब्द तोच राहिला, कर्म बदललं. आता कंट्रोल खाणाऱ्यावर आहे.

हे मी पुस्तकातून नाही, आईच्या बोटांवरून सांगतोय. आईने तीस वर्षं लोकांच्या घरची भांडी घासली, राखेने, मग पावडरीने, मग साबणाने. बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. दुकानात ते ई-पॉस मशीन असतं, त्यावर थंब द्यावा लागतो. उजवा अंगठा ठेवला, नाही. पदराला पुसून परत ठेवला, नाही. मग दुकानदार म्हणतो मावशी पहिलं बोट द्या, मग मधलं, मग डावा हात. मागे रांग, रांगेतले लोक बोलत नाहीत पण चुळबुळ करतात, आणि आईचा चेहरा असा होतो की जणू तीच काहीतरी लपवून राहिली. चौथ्या की पाचव्या बोटाला मशीन बोललं, पावती निघाली. घरी आल्यावर मला म्हणाली, "मी मीच आहो, हे त्याले काहून नाही समजत रे?" याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

आता दुसरा शब्द घ्या, केवायसी. 2002 मधे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की आपला ग्राहक ओळखा, कशासाठी तर काळा पैसा, खोटी खाती, मोठमोठे व्यवहार पकडायला. म्हणजे ज्याच्याकडे खूप पैसा आहे त्याने तो कुठून आणला हे विचारायचा शब्द. तो उतरत उतरत पाच किलो धान्य घेणाऱ्या बाईपर्यंत येऊन पोचला. ई-केवायसी केली नाही तर नाव कटणार म्हणून सत्तरीतली माणसं उन्हात रांगा लावून उभी होती. लाडक्या बहिणीच्या 1500 रुपयांनाही तेच, आधी 2024 मधे फॉर्म भरला, मग परत ई-केवायसी. आणि त्या योजनेत कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत पाहिजे, तर रेशनच्या प्राधान्य कुटुंबाला शहरात वर्षाला 59,000 च्या आत. 59,000 म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. एकच सरकार, एकच बाई, एका टेबलावर गरीब अन् दुसऱ्या टेबलावर श्रीमंत. नागपुरात दोन खोल्यांचं भाडंच केवढं झालंय, मग पाच हजारात घर चालवणारं कुटुंब कागदावर तरी कुठून आणायचं?

तर प्रश्न असा आहे: तुमच्याकडे कंट्रोल म्हणतात का, आणि 'लाभार्थी' हा शब्द तुम्हाला कसा वाटतो? मला तो खटकतो पण का खटकतो ते नीट सांगता येत नाहीये.

प्रतिसाद, वर्ध्याहून

आमच्याकडेही कंट्रोलच म्हणतात दादा. मी संस्कृत शिकवते म्हणून लाभार्थीबद्दल लिहिते. लाभ अधिक अर्थी. अर्थी म्हणजे इच्छा करणारा, मागणारा. विद्यार्थी, परीक्षार्थी, शरणार्थी, सगळे याच घरातले. विद्यार्थी म्हणजे ज्याला विद्या हवी आहे तो, विद्या मिळाली असं त्यात कुठेच नाही. म्हणून लाभार्थीचा सरळ अर्थ लाभ मिळालेला असा होत नाही, लाभासाठी हात पसरलेला असा होतो. संस्कृतात नुसतं अर्थी म्हटलं तर याचकसुद्धा होतो. तुम्हाला खटकतं ते बहुतेक यामुळेच.

पण एक सांगू का, त्याच शब्दाचा आणखी एक जुना अर्थ आहे आणि तो मला फार आवडतो. धर्मशास्त्रातल्या न्यायव्यवहारात अर्थी म्हणजे फिर्यादी, वादी. समोरचा तो प्रत्यर्थी. म्हणजे राजासमोर उभा राहून माझं मला द्या असं म्हणणारा. तो भीक मागत नाहीये, त्याची फिर्याद ऐकून घ्यावीच लागते.

आणि शिधा बघा. शिधा म्हणजे न शिजवलेलं धान्य, डाळ, तूप, जे अतिथीला किंवा ब्राह्मणाला द्यायचे. देणाऱ्याला पुण्य लागायचं. रेशन कार्डाला मराठीत शिधापत्रिका केलं आणि 2022 च्या दिवाळीत आनंदाचा शिधा आला, 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, तेल. भाषेने सरकारला यजमान करून टाकलं. मूळ इंग्रजी रेशन मधे दान नाही, ठरवून दिलेला वाटा एवढंच आहे.

प्रतिसाद, नागपूरहून

भाऊ मी तीन वर्षं एका केंद्रावर ऑपरेटर होतो, फॉर्म भरायचं काम. तुम्ही लोक शब्दांचा अर्थ लावून राहिले, मी तिथले शब्द सांगतो. "इष्टांक." कोणी नवीन कार्ड घेऊन आलं, सगळे कागद बरोबर, तरी उत्तर काय, इष्टांक शिल्लक नाही. म्हणजे राज्याला जेवढी माणसं ठरवून दिली तेवढी भरली, आता कोणाचं नाव कटेल तेव्हा तुमचं चढेल. आणि तो आकडा अजून 2011 च्या जनगणनेवर आहे, 2021 ची झालीच नाही. चौदा वर्षाच्या पोराचं अस्तित्वच नाही त्या आकड्यात. मी लोकांना इष्टांक समजावून सांगायचो तर ते म्हणायचे, म्हणजे कोणी मरायची वाट पाहायची का? काय सांगणार होतो.

"सायलेंट कार्ड." सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड सायलेंट. माणूस वीटभट्टीवर गेला, कापूस वेचायला गेला, परत आला तर कार्ड गप्प. "मिसमॅच." आधारवर एक स्पेलिंग, कार्डावर दुसरं. मराठीत नाव एकच असते बाप्पा, इंग्रजीत लिहिताना कोणी डबल ई लावली कोणी आय लावला, ती चूक आमच्यासारख्याच ऑपरेटरची, पण दुरुस्तीला दिवसभराची मजुरी बुडते कोणाची?

आणि दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर खोटं होईल. मशीन यायच्या आधी दुकानदार सरळ म्हणायचा माल संपला, आणि तोच माल रात्री ऑटोत भरून जायचा. खोट्या नावाची कार्डं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आता निदान पावती निघते.

उत्तर

ताई, फिर्यादीचा अर्थ मला माहीतच नव्हता, तो वाचून बराच वेळ बसून राहिलो. मला लाभार्थी का खटकतो ते आता सांगता येईल. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भाषा हक्काची आहे, प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो, अंत्योदय म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबाला 35 किलो, आणि ते मिळालं नाही तर बदल्यात भत्ता द्यायचा असंही त्यात आहे. कायदा अर्थी म्हणतो तो फिर्यादी या अर्थाने, आणि दुकानापाशी येता येता तोच अर्थी याचक होतो. मधल्या वाटेत हे कोणी केलं हा माझा प्रश्न आहे.

आणखी एक लक्षात आलं. 2 रुपये किलोने गहू आणि 3 रुपयाने तांदूळ होता तोवर आई गिऱ्हाईक होती, दोन का असेना रुपये मोजायची, म्हणून तांदळात खडे निघाले तर बोलायची, काटा बरोबर धरा म्हणायची. 2023 पासून मोफत झालं आणि तिने बोलणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणते, फुकटाच्या मालाले काय नावं ठेवायची. म्हणजे पैसे वाचले हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही, आमच्यासारख्या घरात त्याची किंमत कळते. पण बोलायची सवय गेली. ज्या लोकांनी हे मोफत केलं त्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, बॅनरवर फोटो कोणाचा असतो ते बघा.

ऑपरेटर भाऊ, तुमचं खरं आहे, चोरी होत होती. पण चोरी करत होता कोण? दुकान, गोदाम, मधली साखळी. आणि सिद्ध करायला लावलं कोणाला, तर खाणाऱ्याला. अंगठा एवढंच सांगतो की माणूस खरा आहे, तराजू खरा आहे का ते अंगठा नाही सांगत. व्यापाऱ्यावरचा कंट्रोल पूर्ण गेला असंही मी म्हणत नाही, गव्हाच्या साठ्यावर 2023 मधे मर्यादा लावलीच होती. पण 2020 मधे धान्य-डाळी-तेल-कांदा-बटाटा एरवीसाठी 1955 च्या कायद्याच्या बाहेर काढायची दुरुस्तीही झाली होती, शेतकरी आंदोलनानंतर ती मागे घेतली. तेव्हा साठा करणाऱ्याला सांगितलं होतं तुझ्यावर विश्वास आहे. आईला असं कोणी कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय की लाभार्थी लिहायचं नाही. हक्कदार लिहावं असं कोणी सुचवेल, मलाही आधी तेच वाटलं होतं. पण गावगाड्यात बलुत्यालाही हक्कच म्हणायचे आणि वतनालाही, आणि महार वतनाचा तो हक्क म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची वेठ होती, बाबासाहेबांनी 1928 मधे ते वतन बदलायला मुंबई कौन्सिलात बिल मांडलं होतं. दीक्षाभूमीच्या गावात राहून हक्क हा शब्द डोळे मिटून वापरावासा वाटत नाही. ताईंनी रेशनचा अर्थ वाटा सांगितला त्यावरून 'वाटेकरी' सुचतोय. शेतात वाटा असतो तसा. कोणाला याहून चांगला सुचला तर सांगा.

आईला हे सगळं वाचून दाखवलं. तिने मधेच थांबवून विचारलं की या महिन्याचा कंट्रोल आला का ते त्या ऑपरेटर भाऊले विचार, तिचा वाटा दोन दिवसांपासून मशीनवर दिसून नाही राहिला.

प्रतिसाद, नागपूरहून

भाऊ, सर्व्हर बंद आहे दोन दिवसांचा, सगळीकडेच. काकूंना म्हणा परवा सकाळी अकराच्या आत जा, तेव्हा चालते. आणि दुकानात बोट पदराला पुसायच्या आधी थोडं ओलं करून घ्यायला सांगा, कोरड्या बोटाला मशीन घेत नाही. तरी नाहीच लागलं तर ओटीपी मागा, आधारला मोबाईल जोडलेला असला तर त्यावरही होते, दुकानदार स्वतःहून सांगत नाही.