‘मंत्रमुग्ध’ला इंग्रजीत नेमकं काय म्हणावं?

प्रश्न: भाषांतरात ‘मंत्रमुग्ध’साठी सर्रास ‘मेस्मराइज्ड’ दिसतं. एन्चांटेड, कॅप्टिव्हेटेड, एन्थ्रॉल्ड, फॅसिनेटेड यांत फरक काय?

प्रतिसाद: मुळं पाहा. एन्चांटच्या मुळाशी लॅटिनमधलं गाऊन मंत्र घालणं आहे, म्हणून मंत्रमुग्धला तोच सर्वांत जवळचा. त्यात आनंदाची छटाही आहे. कॅप्टिव्हेटमध्ये कैदी दडलाय, एन्थ्रॉलमध्ये जुन्या नॉर्स भाषेतला गुलाम. श्रोत्यांना खिळवून ठेवणाऱ्या कथनाला हे दोन शोभतात. मेस्मराइज हा फ्रान्झ मेस्मर (१७३४–१८१५) या वैद्याच्या नावावरून आला. नजर हटत नाही, भान हरपतं, तिथेच तो वापरावा.

प्रतिसाद: फॅसिनेटेड वेगळा ठेवा. मुळात तोही चेटकाचाच शब्द, पण आज त्यात कुतूहल मुख्य. कोळी जाळं विणताना पाहून माणूस फॅसिनेटेड होतो, एन्चांटेड होईलच असं नाही. नेहमीची चूक म्हणजे ‘आय ॲम फॅसिनेटिंग’. त्याचा अर्थ ‘मीच मोहक आहे’ असा होतो. आपली अवस्था सांगताना ‘फॅसिनेटेड’, भुरळ घालणाऱ्या गोष्टीला ‘फॅसिनेटिंग’.

प्रतिसाद: स्पेलिंगही सांभाळा. एन्थ्रॉलच्या शेवटी ब्रिटिश पद्धतीत एक एल, अमेरिकनमध्ये दोन. एन्थ्रॉल्डमध्ये मात्र दोन्हीकडे दोनच.