विद्यापीठाचं सीड मनी आणि डिजिटल एथिक्सचा विषय, प्रस्ताव कसा मांडू?

रानजाई
नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. विद्यापीठाने शिक्षकांकडून सीड मनीसाठी, म्हणजे संशोधन सुरू करायच्या छोट्या निधीसाठी, प्रस्ताव मागवलेत, दीड लाखापर्यंत मिळतात, मुदत एक वर्ष.

माझा विषय अंगणवाडीतली चेहरा पडताळणी. १ जुलै २०२५ पासून पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर हे सक्तीचं झालंय, म्हणजे टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं, पाकीट घ्यायला गरोदर बाई किंवा तान्ह्या बाळाची आई स्वतः यायला हवी, सेविका फोन समोर धरून फोटो काढते, डोळे मिचकवा म्हणते, चेहरा जुळला की आहाराची नोंद होते. त्याआधी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो आणि तो नंबर बऱ्याचदा नवऱ्याचा असतो, नवरा कामावर, मग फोन लावून ओटीपी विचारत बसायचं आणि तोवर रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्या बाईला हा फोटो कुठे जातो हे कुणी सांगतं का, आणि नाही जुळला तर तिने कुणाकडे जायचं, एवढंच मला शोधायचंय.

पण छाननीत तोंडी सांगितलं की यात टेक्नॉलॉजी कुठे आहे, अ‍ॅप बनवणार असाल तर बघू. महिनाअखेरपर्यंत सुधारून द्यायचाय. कसं लिहू?

जुना_हिशोब
मॅडम, मी बरीच वर्षं संशोधन विभागात कागद सांभाळलेत म्हणून सांगतो. शिक्षकांना किती सीड मनी दिलं हे नॅकच्या, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांच्या मूल्यांकनाच्या, तिसऱ्या निकषात विद्यापीठाला दाखवावं लागतं, त्यामुळे पैसे द्यायचे असतातच, समितीला फक्त शेवटी हातात काय पडणार ते दिसायला हवं. तुमच्याकडे ते दिसत नाहीये. एक शोधनिबंध, एक मराठी माहितीपत्रक जे सेविका बायकांना वाचून दाखवू शकेल, आणि पुढे आयसीएसएसआरला (सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला पैसे देणारी केंद्रीय परिषद) पाठवायचा मोठा प्रस्ताव, असं स्पष्ट लिहा. सीड मनी असतं ते मोठ्या प्रकल्पाची सुरुवात करायला, हे समितीलाही मान्य असतं.

बजेटमध्ये लॅपटॉप टाकू नका, कोटेशनं आणि खरेदी समिती यातच चार महिने जातात. प्रवास, मुलाखती उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्यांचं मानधन, छपाई, बस्स. आणि प्रत्येक एसटी तिकीट जपून ठेवा, यूसी, म्हणजे पैसे कसे वापरले याचं प्रमाणपत्र, देताना तेच अडतं. कॉम्प्युटरवाल्या कुणाला सहसंशोधक घ्या, समितीचा आक्षेप तिथेच संपतो.

पिंपळपार
सहसंशोधक नावापुरता घ्यायला माझा विरोध आहे. विषयाचं वजन तिकडे सरकतं आणि मग अचूकता किती टक्के एवढाच अभ्यास उरतो. घ्यायचाच तर ऑफलाइन काय चालतं, फोटो फोनमध्ये राहतो का, हे तपासून सांगणारा घ्या.

मी कायदा शिकवतो. ताई, तुमच्या प्रस्तावाचा पाया संमतीवर दिसतोय, तिथे जरा थांबा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम ७ आहे, सरकारी लाभ किंवा सेवा देताना काही अटींवर नव्याने संमती न घेताही डेटा वापरता येतो. त्यामुळे "संमती घेतली का" एवढंच विचारलंत तर कायद्याच्या बाजूने उत्तर येईल की गरजच नव्हती. खरा प्रश्न पुढचा आहे, की चेहरा जुळला नाही म्हणून आहार थांबला तर ते प्रमाणशीर आहे का, म्हणजे उद्देशाच्या मानाने जास्त कडक तर नाही ना. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा मूलभूत हक्क मानला आणि त्यात प्रमाणशीरपणाची कसोटी आली, तिथून प्रस्ताव उभा करा, कुणी हलवू शकणार नाही.

दूरदेशी
कॅलिफोर्नियातून लिहितोय. इथे स्टॅनफर्डमध्ये एआयच्या सीड ग्रँटसाठी २०२० पासून एक पद्धत आहे, अर्जाबरोबर संशोधकाने स्वतःच लिहून द्यायचं की या कामामुळे समाजाला कोणता धोका आहे आणि तो मी कसा कमी करणार, आणि ती छाननी झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. तुमच्याकडे कुणी मागितलं नसलं तरी असं एक पान जोडा. एथिक्सवर प्रस्ताव देणारीने आधी स्वतःच्या अभ्यासाचं एथिक्स मांडलंय हे दिसू दे.

ओवी_७
मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. विषय घेतलात याचं फार बरं वाटलं. पण वरच्या सगळ्यांच्या लिहिण्यात सेविका फक्त फोन धरणारी म्हणून आलीय. २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते, फोन बंद पडत होते आणि अ‍ॅप इंग्रजीत होतं, तेव्हापासूनचा हा राग आहे. चेहरा जुळला नाही तर बाई भांडते सेविकेशीच, आणि वरून नोंद कमी का म्हणून विचारणा होते तीही तिलाच. तिला अभ्यासात घ्या.

आणि कृपा करून गावाचं नाव छापू नका. गावात अंगणवाड्या दोन-तीन, सेविका कोण हे लगेच कळतं. मुलाखत आहारवाटपाच्या दिवशी अंगणवाडीत घेऊ नका, बायकांना वाटेल बोलले नाही तर पाकीट मिळणार नाही. घरी जा, दुपारी.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. ओवीताई, वाटपाच्या दिवशीच जायचं मी प्रस्तावात लिहिलं होतं, ते आत्ताच काढते. सेविकांचा वेगळा भाग करते आणि पिंपळपार सरांनी सांगितलं तसं शीर्षकातली "संमती" काढून "आहाराचा हक्क" आणते. एक अडचण राहिली, आमच्या कॉलेजात अशा अभ्यासाला मंजुरी देणारी एथिक्स कमिटीच नाहीये.

जुना_हिशोब
विद्यापीठाची असेल, तिथे अर्ज करा. नवी काढायला वेळ नाही, आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय परिषद) नियमाप्रमाणे अध्यक्ष संस्थेबाहेरचा लागतो, सदस्य सात तरी हवेत. मंजुरी यायला वेळ लागेल म्हणून प्रस्तावात पहिले दोन महिने मंजुरी आणि प्रश्नावलीसाठी ठेवा, मुलाखती त्यानंतर. आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना परवानगीचं पत्र आजच द्या, पोच घ्या.