जुन्या एमटीबीचं सस्पेन्शन: कुणी उघडलंय का?

२६ इंची चाकं, सरळ स्टिअरर (फ्रेममधून वर जाणारी फोर्कची नळी), हाताच्या खटक्याने चाक सुटणारा क्विक रिलीज एक्सल. अशा एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, कितीतरी पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या आहेत. बहुतेकींचा पुढचा फोर्क (चाक धरणारा, दबणारा चिमटा) एक तर जाम झालेला असतो, नाही तर ब्रेक मारला की खडखडतो. दुकानात नेली की "नवीनच टाका" हे उत्तर ठरलेलं. पण आजचे चांगले फोर्क टेपर्ड (खाली जाड होत जाणाऱ्या) स्टिअररचे आणि थ्रू-एक्सलचे (आरपार जाड दांड्याचे) असतात, ते या फ्रेमला बसतच नाहीत. म्हणून आहे तो फोर्क वाचवायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. ज्यांनी घरी उघडलाय किंवा कुणाकडून करून घेतलाय त्यांनी आपल्या गावाच्या नावासह सविस्तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. माझा रॉकशॉक्स कंपनीचा एअर फोर्क, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा. खालच्या पायांची सर्व्हिस दर ५० तासांनी करा असं कंपनी सांगते. आपल्याकडे पावसाळ्यात सिंहगडाच्या चिखलात फिरणाऱ्याने तर ते पाळावंच. आधी हवा पूर्ण सोडली. तळाचे बोल्ट पूर्ण न काढता तीन-चार आटे सैल केले आणि त्यांच्या डोक्यावर रबरी हातोडीने ठोकलं. आतला दांडा खालच्या पायात घट्ट रुतलेला असतो, तो असाच सुटतो. पाय खाली ओढले तर चमचाभर तेल निघालं, काळपट आणि तळाशी बारीक रेती. सीलखालच्या स्पंजच्या रिंगा कोरड्या ठणठणीत! घर्षण सगळं तिथंच होतं. रिंगा धुऊन तेलात भिजवल्या, नवे सील बसवले, पायांत माप पाहून तेल भरलं. तेवढ्यावर फोर्क पुन्हा लहानसहान खड्डे गिळायला लागला. डॅम्परला, म्हणजे उसळी आवरणाऱ्या आतल्या भागाला, हातही लावला नाही.

सातारा
माझा साधा स्प्रिंगचा फोर्क. यात तेल नाही, नुसतं ग्रीस. उघडलं तर ग्रीसचा जुन्या मेणासारखा थर झालेला. धातूचे भाग डिझेलने धुतले, पण रबर आणि प्लॅस्टिकच्या बुशला (नळी ज्यात सरकते ती कडी) डिझेल लावू नका, साबणाचं पाणी पुरतं. नवीन ग्रीस म्हणून गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ब्रेकसाठी मिळतं ते लाल रबर ग्रीस वापरलं. सील फुगत नाहीत. चेनला लावतो ते ग्रीस इथे नको.

नाशिक
उघडण्याआधी एक तपासणी करा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. एक बोट सीलच्या सांध्यावर ठेवा, मग तेच बोट हेडसेटवर (हँडलखालचे बेअरिंग). जिथे हललेलं जाणवेल तिथे खेळ, म्हणजे ढिलेपणा. माझ्याकडे खेळ हेडसेटमध्ये निघाला आणि स्टेमचे (हँडल धरणारा भाग) बाजूचे बोल्ट सैल करून वरच्या टोपीचा बोल्ट आवळला, मग बाजूचे पुन्हा घट्ट केले, काम झालं. एका दुकानाने मात्र मला फोर्क बदलायला सांगितला होता.

रत्नागिरी
आमच्याकडे खारी हवा. फोर्कच्या वरच्या चकचकीत नळीवर गंजाचे ठिपके आले होते. नखाने चाचपून पाहिलं. नख अडकत नव्हतं तिथे २००० नंबरचा पॉलिश पेपर तेलात बुडवून हलक्या हाताने फिरवला. सील जिथून वर-खाली होतं तिथे एक खड्डा खोल होता. नवीन सील घातल्यावरही तिथून तेल झिरपतंच. तो फोर्क मी आता फक्त डांबरी रस्त्यावर वापरतो. बुश झिजून खेळ आला असता तर तेवढंही केलं नसतं.

ठाणे
मागच्या सस्पेन्शनबद्दल कुणीच लिहिलेलं नाही. माझ्या फुल सस्पेन्शनच्या सांध्यांमधले बेअरिंग पार अडकले होते. बाहेर काढून कडेवरचा नंबर वाचला: ६९०२ २आरएस. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, आणि ६९०२ म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा २८, जाडी ७ मिमी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हा नंबर सहज मिळाला, सायकलच्या दुकानात जायची गरजच पडली नाही. फक्त एक बघा: सांध्यासाठी मॅक्स प्रकारचं, म्हणजे केज (छर्रे वेगळे ठेवणारी जाळी) नसलेलं आणि जास्त छर्ऱ्यांचं बेअरिंग चांगलं. सांधा पूर्ण गोल फिरत नाही, थोडाच हलतो, आणि भार तेवढ्याच छर्ऱ्यांवर येतो. बसवताना बाहेरच्या कड्यावरच दाब द्या. आतल्या कड्यावर ठोकलं की नवं बेअरिंग तिथेच गेलं.

सॅन होजे
माझा नव्वदच्या दशकातला, आत स्प्रिंगऐवजी इलॅस्टोमर म्हणजे रबरी गट्टू असलेला. त्यांचा चिकट डिंक झाला होता आणि सुटे भाग कुठे मिळेनात. शेवटी रिजिड, म्हणजे न दबणारा, फोर्क टाकला. तो निवडताना एक्सलपासून क्राऊनपर्यंतचं (दोन्ही पाय वर जुळतात ती जागा) अंतर मोजा, आणि तेही तुम्ही वर बसल्यावर जुना फोर्क जितका दबायचा तेवढं वजा करून. नाही तर पुढचं टोक उंच होतं आणि चढावर हँडल भरकटतं.