मोजमाप आणि आकार: तुमच्या वर्गात, तुमच्या घरी काय जमलं?

पहिली-दुसरीच्या मुलांना लांबी, धारकता, आकार शिकवताना काय उपयोगी पडलं ते इथे लिहा. मुलं कुठे अडली, काय म्हणाली, तेही सांगा. पालकांचंही स्वागत.

दुसरीची शिक्षिका
मोजपट्टी काढण्याआधी मी फळा वितीने मोजायला लावते. माझ्या विती कमी भरतात, मुलांच्या जास्त. लगेच वाद: "बाई, तुमचा हात मोठाय!" मग विचारते, दुकानात दोरी घ्यायला गेलो तर कुणाचा हात धरायचा? "सगळ्यांना एकच माप पाहिजे" हे मुलांकडून आलं की मगच पट्टी. वितीने मोजतानाही लक्ष ठेवावं लागतं. काही मुलं मध्ये जागा सोडतात, काही वितीवर वीत चढवतात.

पट्टीवर बरीच मुलं ० ऐवजी १ पासून सुरू करतात. त्यावर माझा भरवसा तुटक्या पट्टीवर. पेन्सिल ३ पासून ९ पर्यंत ठेवायची. "नऊ" म्हणणाऱ्याला मधली घरं बोटाने मोजू द्यायची. सहाच भरतात, आणि ते त्याचं त्यालाच कळतं.

पहिलीचे शिक्षक
चौरस जरा तिरका ठेवला की मुलं म्हणतात, "शंकरपाळी!" टोक खाली केलेल्या त्रिकोणाला तर त्रिकोण मानतच नाहीत. फळ्यावरच्या चित्राने हे सुटत नाही. पुठ्ठ्याचा चौरस मुलाच्या हातात देऊन हळूहळू फिरवायला सांगा आणि विचारा, आकार नेमका कधी बदलला? मुलं थांबतात, बाजू आणि कोपरे पुन्हा मोजतात.

एक आई
बुटक्या पेल्यातलं पाणी लेकासमोर उंच पेल्यात ओतलं, तर म्हणाला, "आता जास्त झालं." मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांवर केलेला प्रयोग हाच. भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं, ही समज साधारण सातव्या वर्षाच्या आसपास येते, त्यामुळे मी समजावत बसत नाही. आंघोळीच्या वेळी तांब्या-पेला देते, ओतू दे हवं तेवढं.

एक आजोबा
घरात धान्य मोजायचं जुनं शेराचं माप आहे. चार शेरांची पायली, हे नातीने तांदूळ ओतून पडताळलं. पण पायली पहिल्यांदा भरलीच नाही. शेर तिने सपाट भरले होते आणि पायलीला मी शीग, म्हणजे काठावर चढलेली रास, धरत होतो. तेव्हापासून काहीही मोजण्याआधी ती विचारते, "आजोबा, शीग लावून की सपाट?" बाईंनी वर्गातही हा प्रश्न जरूर घ्यावा.